दोघांना अडवणारा रामहरी

रामहरी दहिफळे याचं कबड्डीतलं आयुष्य वजनकाट्यावर संपलं.

नगरला जिल्हा संघाची निवड चाचणी होती. पुरुष गटाला पंच्याऐंशी किलोची मर्यादा, आणि काटा त्र्याण्णववर जाऊन थांबला. त्याआधी आठवडाभर रामहरीने ताक आणि काकडीवर दिवस काढले होते, अंगात स्वेटर घालून डोंगराला फेऱ्या मारल्या होत्या. तो खाली उतरला, बनियन काढलं आणि पुन्हा चढला. काटा हलला नाही.

"करदोडा काढू का?" त्याने विचारलं.

काट्यापाशी बसलेले पंच म्हणाले, "आठ किलोचा आहे का?"

सहादेव सरांनी त्याला दंडाला धरून बाहेर आणलं. सर पाथर्डी तालुक्यातल्या त्याच्या गावच्या हायस्कूलात खेळाचे शिक्षक होते. रामहरी पाचवीत असताना त्यांनी त्याला कबड्डीच्या मैदानाच्या कोपऱ्यात बचावाला उभं केलं होतं, आणि तेव्हापासून बारा वर्षं तो कोपरा त्याचाच होता. चढाईला आलेल्या गड्याचा घोटा एकदा त्याच्या हातात आला की सुटत नसे. जत्रांमधल्या सामन्यांच्या ढाली त्याने चुलत्याच्या घरी फळीवर रांगेने लावल्या होत्या. आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला जात, मग तो चुलत्याकडेच राही. सगळं ठीक चाललं होतं, फक्त अंग भरत गेलं.

स्टँडसमोरच्या टपरीवर सरांनी चहा आणि वडापाव मागवला.

"रामा, एक खेळ असा आहे," सर म्हणाले, "की त्यात वजन जास्त आहे म्हणून कुणी हाकलत नाही. उलट अजून खा म्हणतात."

"कुस्ती व्हय?"

"कुस्ती नाही. अमेरिकन फुटबॉल. पुण्यात संघ काढलाय, पगारी खेळाडू घेतायत. रविवारी चाचणी आहे."

रामहरीने मान हलवली. "मला बॉलला लाथ मारता येत न्हाई, सर."

"तिथे लाथ मारणारा एखादाच असतो. बाकीचे एकमेकांना पाडतात."

रामहरीने थोडा वेळ विचार केला आणि दुसरा वडापाव सांगितला.

पुण्याच्या त्या संघाचं नाव होतं डेक्कन बायसन्स. कोच मार्कस हे पन्नाशीचे, उंच, टेक्सासहून आलेले गृहस्थ. त्यांचं इंग्रजी रामहरीला कळेना आणि रामहरीचं मराठी त्यांना. मध्ये पार्थ नावाचा एक खेळाडू उभा राहिला. तो काष्टीचा, बागायतदाराचा मुलगा, इंजिनिअरिंग झालेला, आणि संघात आधीपासून होता.

चाचणी सोपी होती. समोरून एक जण बॉल घेऊन पळत येणार, त्याला थांबवायचं. अकरा जण आले. रामहरीने नऊ जणांना झोपवलं. कोचनी पार्थला काहीतरी विचारलं.

"ते म्हनत्यात, तुला आधीच कसं कळतं कुठल्या अंगाला वळनार ते?"

"डोळ्याकडं बघायचं न्हाई," रामहरी म्हणाला. "डोळं लबाड असत्यात. कंबरंकडं बघायचं. माणूस जिकडं जानार तिकडं कंबर आधी जाती."

पार्थने ते इंग्रजीत सांगितलं. कोच हसले आणि कागदावर त्याचं नाव लिहू लागले. पुढचं पार्थला भाषांतर करायची गरज पडली नाही. कोचनी हाताने घास तोंडात घालून दाखवला आणि बोटांनी आकडा दाखवला, एकशे वीस.

एकशे वीस किलोला पोचायला रामहरीला सात महिने लागले. त्या काळाबद्दल तो अजूनही प्रेमाने बोलतो.

खेळ त्याला हळूहळू उमगला. समोरच्या संघाला बॉल घेऊन आपल्या हद्दीच्या शेवटच्या रेघेकडे यायचं असतं. त्यांच्यासाठी वाट करून द्यायला पुढे पाच धिप्पाड गडी असतात. रामहरीची जागा त्यांच्या बरोबर समोर, मधोमध. बॉल हलला रे हलला की त्याने त्यातल्या दोघांवर जाऊन आदळायचं आणि दोघांनाही धरून ठेवायचं. पाडायचं नाही, पळायचं नाही, बॉलकडे जायचं नाही. जागा सोडायची नाही. दोघं त्याच्यात अडकले की मागे उभा असलेला पार्थ मोकळा राहायचा, फटीतून पुढे यायचा आणि बॉलवाल्याला आडवा करायचा. मग भोंग्यावरून निवेदक ओरडायचा, "पार्थ." लोकही ओरडायचे, "पार्थ." रामहरी दोन माणसांच्या खालून उठून मातीचा गोळा तोंडातून थुंकायचा आणि पुन्हा जागेवर जाऊन उभा राहायचा.

तीन हंगाम असे गेले. गावात त्याचे सामने मोबाईलवर बघत, पण बघणाऱ्यांना तो सापडत नसे. बॉल कुठे, रामहरी कुठे. हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. नेमकी तीच ऊसतोडीची वेळ, त्यामुळे आईबापांनी त्याला एकदाही खेळताना पाहिलं नव्हतं. आई बायडाबाई कुणी विचारलं तर सांगायची, "माणसं धरायच्या नोकरीला हाय." ऐकणाऱ्याला वाटायचं पोलिसात आहे. वडील भिमाजी काही सांगत नसत. खेळण्याचा पगार मिळतो यावर त्यांचा पुरता विश्वास बसला नव्हता.

तिसऱ्या हंगामानंतर लग्नाचं निघालं. नात्यातले सूर्यभान मामा मध्यस्थ. त्यांनी मुलीकडे सांगितलं, "पोरगा अमेरिकन संघात हाय." मुलीकडच्यांनी त्यातला अमेरिकन तेवढा धरला. पाथर्डीला पाहण्याचा कार्यक्रम झाला, तेव्हा मुलीच्या काकांनी चहा देता देता विचारलं, "तिकडं थंडी लई असंल?"

"असती," रामहरी म्हणाला. "डिसेंबरात जरा जास्त. सिंहगड रोडला तर सकाळी धुकंच असतं."

बैठकीतल्या सगळ्यांनी सूर्यभान मामांकडे पाहिलं. आतल्या खोलीत मात्र कुणीतरी हसलं. ती आरती होती, नवरीमुलगी. ती गावातल्याच एका दवाखान्यात नर्स होती. मोठ्यांनी दोघांना बोलायला ओट्यावर पाठवलं तरी तिचं हसू थांबेना.

"तुम्ही नक्की करता काय?" तिने विचारलं.

"मी दोघांना अडवतो."

"आणि मग?"

"मग पार्थ तिसऱ्याला पाडतो."

"मग टाळ्या कुणाला?"

"पार्थला."

आरतीने त्याच्याकडे नीट पाहिलं. "म्हणजे अंग तुमचं ठेचायचं आणि नाव पार्थचं व्हायचं." ती हे हसतच म्हणाली आणि पाच मिनिटांनी आत जाऊन होकार दिला. खोटं बोलला नाही, एवढं तिला पुरलं. मे महिन्यात लग्न झालं. पार्थ वरातीत सगळ्यांत जास्त नाचला.

आरती ते बोलणं विसरून गेली. रामहरी विसरला नाही. सरावात, जेवताना, आंघोळीच्या वेळी त्याला तेच आठवायचं. तीन हंगामांत आपलं नाव भोंग्यावर एकदाही आलं नाही हे त्याच्या आधी लक्षातच आलं नव्हतं. आता लक्षात आलं आणि ते जाईना.

चौथ्या हंगामात हैदराबादला सामना होता. दुसऱ्या क्वार्टरमध्ये रामहरीने पहिल्यांदाच शिस्त मोडली. दोघांवर आदळायच्या ऐवजी तो एकाच्या बगलेतून निसटला आणि थेट बॉलवाल्याला जाऊन धरलं. भोंग्यावर निवेदक ओरडला, "दाहिफेल." नाव चुकलं होतं, तरी रामहरीच्या अंगावर काटा आला. पुढच्या डावातही त्याने तेच केलं. या वेळी बॉल दुसऱ्या अंगाने गेला, आणि रामहरीने सोडलेल्या जागेतून ते दोन्ही धिप्पाड गडी मोकळे पुढे सरकले. त्यांनी पार्थला मध्ये घेतला. पार्थ आडवा झाला, बॉलवाला त्याच्यावरून उडी मारून गेला. तसं त्या दिवशी आणखी तीनदा झालं. संघ सामना हरला.

परतीच्या बसमध्ये पार्थ बरगड्यांना बर्फाची पिशवी लावून बसला होता. रामहरी शेजारी जाऊन बसला.

"लई दुखतंय?"

"रामा, आज तू कुठं हुता?" पार्थने एवढंच विचारलं. रागाने नाही. त्याला खरंच कळलं नव्हतं.

रामहरीने त्याच्या हातातली बर्फाची पिशवी घेतली आणि त्याच्या बरगड्यांवर धरली. सोलापूर येईपर्यंत तो ती तशीच धरून बसला.

कोच मार्कसनी दुसऱ्या दिवशी फळ्यावर रामहरीची जागा आखली आणि तिथे रिकामं वर्तुळ ठेवलं. पुढच्या सामन्यात पहिला क्वार्टर तू बाहेर, असं सांगितलं. पुढचा सामना परत हैदराबादशीच होता, आणि पुण्याचं मैदान मोकळं नसल्याने तो नगरला एका कॉलेजच्या मैदानावर ठेवला होता. आणि त्या वर्षी आईबापांची टोळी राहुरीकडे उसाच्या फडात होती.

आरतीने परस्पर फोन करून त्यांना बोलावून घेतलं होतं. सामन्याच्या सकाळी रामहरी मैदानात उतरला तर कुंपणालगत पहिल्याच रांगेत भिमाजी, बायडाबाई आणि आरती. भिमाजींनी ठेवणीतली टोपी घातली होती. मुकादमाने एका दिवसाची मोकळीक दिली होती आणि ते राहुरीहून पहाटेच्या एसटीने आले होते.

शिट्टी झाली. खेळ सुरू झाला आणि रामहरी बाकावर बसून राहिला.

"ह्याला का बसवलंय?" बायडाबाईंनी आरतीला विचारलं.

"थोड्या वेळाने जातील, आत्या."

"पगार देऊन बसवून ठिवत्यात?" बायडाबाईंना ही नोकरी एकदम चांगली वाटायला लागली.

मैदानावर मात्र बायसन्सचं काही खरं नव्हतं. रामहरीच्या जागी घेतलेला मुलगा ताकदीचा होता, पण दोघांचा रेटा त्याला सोसेना. दर डावाला तो मागे ढकलला जायचा आणि थेट पार्थच्या अंगावर यायचा. पहिला क्वार्टर संपला तेव्हा हैदराबादकडे दहा गुण होते, बायसन्सकडे काहीच नव्हतं. कोचनी रामहरीकडे पाहून नुसती मान हलवली.

तो आत गेला आणि दोघांवर आदळला. बगलेतून निसटायला फट दिसत होती, ती त्याने बघितली आणि सोडून दिली. बरगड्या कुरकुरल्या. मागून पार्थचे बूट धावत पुढे गेले आणि बॉलवाला पडल्याचा आवाज आला. पुन्हा तेच, आणि पुन्हा. मध्यंतरापर्यंत हैदराबादला आणखी एकही गुण मिळाला नाही. बायसन्सने सात काढले.

मध्यंतरात रामहरी कुंपणापाशी आला. कपाळ फुटलं होतं, नाकात माती होती. बायडाबाईंनी पदराने त्याचं कपाळ पुसलं. "एकट्याला दोगं दोगं धरत्यात. पंच काय करतो?"

"ते चालतं, आई."

भिमाजी इतका वेळ काम बघावं तसं मैदानाकडे बघत होते. ते म्हणाले, "आदी तू नव्हता तर त्या पोराला," म्हणजे पार्थला, "हलता येत नव्हतं. तू गेला आन त्यो मोकळा झाला."

रामहरी चमकला. "तुमाला दिसलं ते?"

"न दिसायला काय झालं? फडात गाडी भरनाऱ्याचं नाव हुतं. कोन भरतो, तर भिमाजी भरतो. डोक्यावर मोळी घिऊन फळीवरून चढतो म्हनून समद्यांना दिसतो. मोळी बांदली कुनी ते कोन इचारतंय? तुझ्या आईनं बांदलेली मोळी आजवर माझ्या डोक्यावर सुटली न्हाई. पंचवीस वर्सं झाली. ढिली बांदली असती तर मी फळीवरनं खाली आलो असतो, मोळीसकट."

बायडाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. पंचवीस वर्षांत हे त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं होतं. "आता सांगताय," त्या म्हणाल्या आणि पुन्हा रामहरीचं कपाळ पुसायला लागल्या, ते पुसून झालं होतं तरी.

मोळीचं ऐकून आरतीला ओट्यावरचं आपलं बोलणं आठवलं. ती हळूच म्हणाली, "मी त्या दिवशी गंमत केली होती हो."

"माहीत हाय," रामहरी म्हणाला. त्याला एकदम हलकं वाटलं. तो मैदानाकडे पळत गेला. एकशे वीस किलोचा माणूस पळतो तसा.

शेवटच्या क्वार्टरमध्ये पाच मिनिटं उरली होती. हैदराबाद सतरा, बायसन्स तेरा, आणि बॉल हैदराबादकडे. त्यांना आता फक्त वेळ काढायचा होता. बॉल हलला. रामहरी दोघांवर गेला आणि या वेळी नुसता अडवून थांबला नाही, तर दोघांना घेऊन मागे रेटत गेला. ते दोघं त्यांच्याच बॉलवाल्यावर जाऊन पडले. तेवढ्यात बाजूने पार्थ आला, बॉलवाल्याच्या हातावर बसला, आणि बॉल सुटला.

तो लांबट बॉल गोल बॉलसारखा उसळत नाही, वेडावाकडा उड्या मारतो. दोन उड्या मारून तो रामहरीच्या पुढ्यात आला. चार वर्षांत त्याने सामन्यात बॉलला हात लावला नव्हता. तो बॉलवर झेपावला आणि पोटाखाली घेऊन गच्च पडून राहिला. कबड्डीत धरलं की सोडायचं नाही, एवढंच त्याच्या अंगाला ठाऊक होतं.

"रामा, ऊठ," पार्थ ओरडत होता. "तुला कुनी शिवलं न्हाई. ऊठ आन पळ."

"कुठं?"

"सरळ."

रामहरी उठला आणि सरळ पळाला. पुढे मैदान मोकळं होतं, तीस यार्ड. दोन्ही हातांनी बॉल छातीशी धरलेला, मान आत, जणू डोक्यावर पाऊस पडतोय. दहा यार्डांवर त्याला दम लागला. वीसवर मागून हलक्या पावलांचा आवाज आला. हैदराबादचा सगळ्यांत चपळ गडी, सत्तर किलोचा, त्याच्या मागे लागला होता. रेघ दोन हातांवर असताना त्याने झेप घेतली आणि रामहरीचा घोटा धरला.

ती पकड चांगली होती. रामहरीला ते कळलं, कारण तशी पकड तो स्वतः बारा वर्षं करत आला होता. अशा पकडीतून सुटून पाय पुढे टाकता येत नाही. पण गावोगावचे चढाई करणारे गडी अशा वेळी काय करायचे ते त्याला पाठ होतं. बचाव करताना त्याला त्या युक्तीचाच राग यायचा. पाय सोडून द्यायचे, अंग लांब करायचं आणि हात रेघेवर न्यायचा. रामहरीने अंग टाकलं. बॉल धरलेला उजवा हात जितका लांब जाईल तितका नेला. तो पडला तेव्हा गुडघे रेघेच्या अलीकडे होते आणि बॉल पलीकडे.

पंचांनी दोन्ही हात वर केले. सहा गुण. भोंग्यावर निवेदक ओरडला, पण काय ओरडला ते कुणालाच ऐकू गेलं नाही, कारण तोवर सगळा संघ रामहरीच्या अंगावर पडला होता. पार्थ सगळ्यांच्या वर होता आणि बरगड्या धरून हसत होता.

बायडाबाईंनी विचारलं, "जिंकला का?" आरती रडत होती, तिने नुसती मान डोलावली. मग राहिलेला वेळ रामहरीने पुन्हा त्या दोघांना अडवलं आणि सामना खरोखर जिंकला.

कोच मार्कसनी पुढच्या आठवड्यात संघाला चित्रफीत दाखवली. ती पळापळ त्यांनी एकदाच दाखवली, सगळे पोट धरून हसले. त्याच्या आधीचं, दोघांना रेटत नेलेलं, त्यांनी सहा वेळा दाखवलं. दर वेळी चित्र थांबवून ते रामहरीच्या पायांवर काठी ठेवायचे.

रामहरी आणखी तीन हंगाम खेळला. एका वर्षी संघ अंतिम सामन्यात पोचला आणि तीन गुणांनी हरला. एका वर्षी त्याची लीगच्या सर्वोत्तम बचाव खेळाडूंमध्ये निवड झाली, आणि बक्षीस देणाऱ्यांनी त्याला आडनावाचा उच्चार दोनदा विचारून घेतला. सातव्या हंगामात सरावात उजवा गुडघा गेला. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी सांगितलं, चालायला काही अडचण नाही, आदळायला आहे. दोन दिवस तो अंथरुणातून उठला नाही. तिसऱ्या दिवशी आरतीने त्याला गुडघ्याचे व्यायाम करायला उठवलं, तिला कुणाचं ऐकायची सवय नव्हती. त्या महिन्यातच ते रामहरीच्या गावी राहायला आले.

आता तो सहादेव सरांच्याच हायस्कूलात मुलींना फ्लॅग फुटबॉल शिकवतो. हा त्याच खेळाचा धाकटा भाऊ. इथे कुणाला पाडायचं नाही. कमरेच्या पट्ट्याला दोन फडकी लटकवलेली असतात, बॉलवालीचं एक फडकं ओढलं की ती थांबली. ऑलिंपिकमध्येही हा खेळ येणार आहे, म्हणून मुलींनी नावं दिली. पहिले दोन आठवडे रामहरीलाच सगळ्यांत अवघड गेले. दाखवताना तो सवयीने खांदा पुढे काढायचा, मग आठवण आली की तसाच थांबायचा आणि दोन बोटांनी फडकं ओढायचा. निकिता नावाची नववीतली मुलगी त्याची हुबेहूब नक्कल करते, खांद्यासकट.

साहित्य मागवलं होतं, पण ते वेळेवर आलं नाही. म्हणून बायडाबाईंनी जुन्या लुगड्यांच्या पट्ट्या फाडून काठ दुमडून शिवून दिल्या. चौदा मुली, अठ्ठावीस पट्ट्या. गेल्या दोन वर्षांपासून दोघं नवराबायको फडावर जात नाहीत, भिमाजी शेळ्या बघतात. संध्याकाळी बायडाबाई मैदानाच्या कडेला येऊन बसतात, सुटलेल्या पट्ट्या गोळा करतात, फाटल्या तर तिथेच टाका घालतात.

परवा त्यांनी रामहरीला जवळ बोलावून विचारलं, "ह्या पोरी कुनालाच पाडत न्हाईत?"

"न्हाई आई. नुसतं फडकं ओढायचं."

बायडाबाईंनी मुलींच्या अंगावरच्या स्वच्छ कपड्यांकडे पाहिलं.

"मग हाच खेळ बरा हाय," त्या म्हणाल्या. "धुनं कमी निघतं."